रायडरचा थांबलेला वेळ कोणाच्या हिशेबात?

२५ आणि ३१ डिसेंबर २०२५ या दोन दिवशी डिलिव्हरी कामगारांच्या संघटनांनी देशभर संपाची हाक दिली होती. तरीही ३१ तारखेच्या रात्री बहुतेकांचं जेवण घरी पोहोचलं. झोमॅटो आणि ब्लिंकिट मिळून त्या दिवशी ७५ लाखांहून जास्त ऑर्डर पोहोचवल्याचं दोन्हींच्या मूळ कंपनीचे तेव्हाचे प्रमुख दीपिंदर गोयल यांनी जाहीर केलं. संप फसला म्हणावा, तर पुढच्या दोनच आठवड्यांत केंद्रीय कामगारमंत्री मनसुख मांडविया यांनी कंपन्यांना '१० मिनिटांत डिलिव्हरी' ही जाहिरात सोडायला सांगितली आणि ब्लिंकिटने ती काढलीही.

या बातम्या वाचताना सामान्य वाचकाला तेच तेच प्रश्न पडतात. कंपनी कमिशन घेते, डिलिव्हरीचे पैसे घेते, प्लॅटफॉर्म फी घेते, मग रायडरला द्यायला पैसे का नसतात? नोकरी नाही, मालक नाही, तर संघटना कोणाशी भांडणार? आणि हे सगळं शेवटी आपल्याच बिलावर येणार का? एका ऑर्डरचा हिशेब मांडला की उत्तरं सापडू लागतात.

## चारशे रुपयांच्या ऑर्डरचं काय होतं

पुढची आकडेमोड नमुन्याची आहे. शहर, हॉटेल आणि वेळ बदलली की आकडे बदलतात, पण पैशांची वाट हीच राहते.

जेवण ४०० रुपयांचं. त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे २०. डिलिव्हरी शुल्क ३०, प्लॅटफॉर्म फी १५, आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ८. ग्राहकाने ४७३ रुपये भरले. (जेवणावरचा कर १ जानेवारी २०२२ पासून हॉटेलऐवजी अ‍ॅप कंपनी सरकारकडे भरते. डिलिव्हरी शुल्कावरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्याकडेच आला.)

आता हॉटेलकडे बघा. कमिशन साधारण १८ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान असतं. इथे २२ टक्के धरलं तर ८८ रुपये गेले. त्या कमिशनवर पुन्हा १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १६. पाच टक्क्यांच्या जीएसटीत असलेल्या हॉटेलला या १६ रुपयांची वजावट मिळत नाही, ते खिशातूनच जातात. हॉटेलच्या हाती राहिले २९६, आणि अ‍ॅपमध्ये वर दिसण्यासाठी जाहिरात घेतली असेल तर त्याहूनही कमी. हॉटेलवाल्यांची ही तक्रार जुनी आहे. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये झोमॅटो आणि स्विगीच्या चौकशीचा आदेश दिला होता.

कंपनीकडे आले ८८ अधिक ३० अधिक १५, म्हणजे १३३. त्यातले ५० रायडरला गेले असं धरू. उरलेल्या ८३ मधून ग्राहकाला दिलेली सवलत, पेमेंटचा खर्च, थंड किंवा चुकीच्या जेवणाचे परतावे, कॉल सेंटर, सर्व्हर, जाहिरात, ऑफिसमधले पगार हे सगळं जातं. २०२५ मध्ये झोमॅटोचा फूड डिलिव्हरीतला कामकाजाचा नफा ऑर्डर-मूल्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास होता, स्विगीचा त्याहून कमी. म्हणजे या ऑर्डरमागे वीसेक रुपये.

म्हणून 'कंपनी रग्गड कमावते, रायडरला सहज दुप्पट देईल' हे म्हणणं हिशेबात बसत नाही. पण 'कंपनीकडे द्यायला काहीच नाही' हेही बसत नाही. एका ऑर्डरमध्ये जे सर्वांत मोठे खर्च आहेत त्यात रायडरचा पेआउट, म्हणजे ऑर्डरमागे त्याला मिळणारे पैसे, येतो. नफा दाखवायचा दबाव वाढला की पहिली नजर त्याच्यावर जाते, कारण तो अ‍ॅपमधूनच बदलता येतो आणि त्यासाठी कोणाशी करार मोडावा लागत नाही.

## रायडरच्या पन्नास रुपयांतून काय उरतं

पेआउट हा एकच आकडा दिसतो, पण तो तुकड्यांनी बनतो: ठरलेली मूळ रक्कम, किलोमीटरचे पैसे, हॉटेलात फार थांबावं लागलं तर थोडे जास्त, पाऊस किंवा गर्दीचा जादा दर. त्याशिवाय इन्सेंटिव्ह, म्हणजे ठरलेल्या तासांत ठरलेल्या ऑर्डर पूर्ण केल्यास मिळणारी वेगळी रक्कम. ते पायऱ्यांनी असतं. पंधरा ऑर्डरच्या पायरीला चौदावर दिवस संपला तर त्या पायरीचं काहीच मिळत नाही. रात्री साडेदहाला लांबच्या झोनमधली ऑर्डर रायडर का नाकारत नाही, याचं कारण बहुतेक वेळा या पायरीत असतं.

आता खर्च. रायडर जिथे उभा आहे तिथून हॉटेल दीड किलोमीटर, हॉटेलपासून ग्राहक अडीच, आणि पुन्हा हॉटेलं असलेल्या भागात यायला दोन. एकूण सहा. परतीचे दोन किलोमीटर सहसा कोणी मोजत नाही. शहरातल्या गर्दीत लिटरला ४५ किलोमीटर देणारी गाडी आणि १०५ रुपयांच्या आसपासचं पेट्रोल धरलं तर किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये, म्हणजे १४ रुपये पेट्रोलचेच. ऑइल, टायर, ब्रेक-शू, चेन, सर्व्हिसिंग आणि गाडीची होणारी झीज यांना किलोमीटरला रुपयाभर धरा, आणखी ६. पन्नासातले ३० हातात राहिले. अशा दोन ऑर्डर तासाला झाल्या तर एकूण १०० आणि निव्वळ ६०.

हा एकूण कमाईचा आकडा मी हवेतून धरलेला नाही. गोयल यांनी जानेवारी २०२६ मध्ये दिलेल्या माहितीनुसार २०२५ मध्ये झोमॅटोच्या डिलिव्हरी पार्टनरची टिप सोडून ताशी सरासरी कमाई १०२ रुपये होती, आदल्या वर्षी ९२. इंधन आणि देखभालीला त्यांनी सुमारे २० टक्के धरले होते. इलेक्ट्रिक गाडी किंवा छोटं अंतर असेल तर ते पटण्यासारखं आहे. पेट्रोलवरची जुनी गाडी आणि पसरलेलं उपनगर असेल तर माझ्या हिशेबात खर्चाचा वाटा चाळीस टक्क्यांपर्यंत जातो. मोबाइल, डेटा, रेनकोट आणि गाडीचा हप्ता यात अजून आलेलाच नाही.

## वादाचं मूळ न मोजलेल्या वेळेत आहे

पेआउट वाढवा, ही मागणी बातम्यांत दिसते. माझ्या मते तिच्याखाली दडलेली मागणी जास्त महत्त्वाची आहे: ऑर्डरची वाट बघत घालवलेला वेळ कोणाच्या हिशेबात धरायचा?

लग्नातल्या बँडवाल्यांचं उदाहरण घ्या. त्यांना संध्याकाळचे पैसे ठरवून मिळतात, म्हणून वरात चौकात अर्धा तास अडली तर यजमान अस्वस्थ होतो, कारण खोळंब्याचे पैसे त्याचे जात असतात. समजा त्याने गाण्यागणिक पैसे द्यायचं ठरवलं. मग वरात कितीही रेंगाळू दे, त्याचं काही जात नाही. उलट एकाच्या जागी पाच बँड बोलावून ठेवणं त्याच्या सोयीचं, कारण हात वर केला की कोणीतरी लगेच वाजवेल. पाचही बँडना मात्र त्या संध्याकाळी एकेक-दोनदोनच गाणी मिळतील.

फूड डिलिव्हरी नेमकी अशीच चालते. ग्राहकाला 'पंचवीस मिनिटांत' सांगायचं तर जवळपास मोकळा रायडर हवा. झोनमध्ये जितके जास्त रायडर लॉगिन असतील तितकी डिलिव्हरी वेगवान आणि कंपनीचं वचन पक्कं. पगार असता तर मोकळ्या बसलेल्या प्रत्येक माणसाचा खर्च कंपनीला दिसला असता आणि तिने मोजकीच माणसं ठेवली असती. ऑर्डरगणिक पैसे असल्यामुळे तो खर्च तिच्या ताळेबंदात येतच नाही. तो रायडरच्या तासाला जातो. दर तोच, ५० रुपये. पण झोनमध्ये रायडर वाढले आणि तासाला दोनऐवजी दीडच ऑर्डर मिळाली, की एकूण कमाई शंभरावरून ७५ वर येते. कंपनीने दर एक पैसाही कमी केलेला नसतो आणि रायडर म्हणतो पैसे कमी झाले. दोघंही खरं बोलत असतात.

## 'पण बहुतेक जण तर पार्टटाइमच करतात'

हा आक्षेप आकड्यासकट येतो, त्यामुळे त्याला आकड्यानेच उत्तर द्यायला हवं. गोयल यांच्याच माहितीनुसार २०२५ मध्ये झोमॅटोच्या एका पार्टनरने वर्षात सरासरी ३८ दिवस काम केलं. ऐकताना वाटतं की कॉलेजची मुलं जेबखर्चासाठी करतात.

कल्पना करा, १०० रायडर आहेत. त्यातले ८० जण आले, दहा दिवस काम केलं आणि सोडून गेले: ८०० दिवस. उरलेले २० जण वर्षातले दीडशे दिवस रस्त्यावर: ३,००० दिवस. एकूण ३,८००, म्हणजे सरासरी बरोबर ३८. पण तुमच्या दारात जेवण घेऊन आलेल्या पाच जणांपैकी जवळपास चार जण या वीसांतले असतील. सरासरी डोक्यांची काढली की येणारे-जाणारे दिसतात, कामाच्या दिवसांची काढली की त्यावर पोट असलेले दिसतात. त्यात एकच माणूस दोन-तीन अ‍ॅपवर काम करतो, हे एका कंपनीच्या आकड्यात उमटतच नाही.

पार्टटाइम करणाऱ्याला ही सोय खरोखर उपयोगी आहे आणि ती राहायला हवी. पण वीस जणांच्या संरक्षणाचा प्रश्न ऐंशी जणांच्या सोयीने सुटत नाही.

## संघटना बांधणं इतकं अवघड का

कारखान्यात गेट असतं, पाळी सुटते, चहाची टपरी असते. इथे गेट नाही. सहकाऱ्यांची यादी फक्त कंपनीकडे. रायडर एकमेकांना भेटतात ते क्लाउड किचनच्या (फक्त डिलिव्हरीसाठी चालणाऱ्या स्वयंपाकघरांच्या) बाहेर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. त्यातले बरेच दोन महिन्यांनी काम सोडतात, म्हणून सभासद टिकत नाहीत. पुढे येऊन बोलणाऱ्याला भीती असते आयडी ब्लॉक होण्याची, म्हणजे अ‍ॅपमधलं खातं बंद पडण्याची. त्याला नोकरीवरून काढलं असं कागदावर कुठेच नसतं, त्याचं लॉगिन होत नाही, इतकंच.

आणि संपाचं हत्यार बोथट आहे. ३१ डिसेंबरला गर्दीच्या तासांत दर ऑर्डरला १२० ते १५० रुपयांपर्यंत पेआउट जाहीर झाल्याच्या बातम्या होत्या. सणासुदीला हे नेहमीचंच असल्याचं कंपनीचं म्हणणं होतं. हेतू काहीही असो, महिन्याचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाने अशा रात्री अ‍ॅप बंद ठेवणं सोपं नसतं. त्यामुळे या संपांचा परिणाम डिलिव्हरी थांबण्यातून कमी आणि सरकार व ग्राहकांचं लक्ष वेधण्यातून जास्त होतो. '१० मिनिटांत' जाहिरातीचं झालं ते असंच.

## कायदा काय म्हणतो

संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ मध्येच आहे आणि नोंदणीही होऊ शकते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत नोंदणीसाठी किमान सात अर्जदार, आणि आस्थापनेतले किंवा उद्योगातले दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांतली जी संख्या कमी असेल तितके सभासद लागतात. अडचण पुढे येते. एकाहून जास्त संघटना असतील तर मालकाने जिच्याशी बोलायलाच हवं अशी एकमेव 'वाटाघाटी करणारी संघटना' व्हायला हजेरीपटावरच्या कामगारांपैकी ५१ टक्क्यांचा पाठिंबा लागतो. रायडर हजेरीपटावर नसतोच. कंपनीच्या करारात तो 'पार्टनर', स्वतंत्र व्यावसायिक. किमान वेतन, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा हे कामगाराला मिळणारे हक्क त्याच कारणाने त्याच्यापर्यंत येत नाहीत.

तो खरोखर स्वतंत्र आहे का, यावर जगभर कोर्टकचेऱ्या झाल्या आणि निकाल एका बाजूचे नाहीत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना कामगार ठरवलं. त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डिलिव्हरू या जेवण पोहोचवणाऱ्या कंपनीच्या रायडरना सामूहिक वाटाघाटीचा हक्क नाकारला, कारण करारानुसार ते आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शकत होते. स्पेनने २०२१ मध्ये कायदाच करून रायडरना कर्मचारी मानलं. आपल्याकडे अ‍ॅप-आधारित वाहतूक कामगारांच्या महासंघाने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली.

भारताने सध्या तिसरी वाट धरली आहे: कर्मचारी म्हणायचं नाही, पण सामाजिक सुरक्षा द्यायची. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० नुसार अ‍ॅप कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत भरायची, पण कामगारांना दिलेल्या एकूण रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. ३० डिसेंबर २०२५ च्या नियमांच्या मसुद्यात लाभासाठी वर्षात एका कंपनीसोबत ९० दिवस, किंवा अनेक कंपन्या मिळून १२० दिवस काम अशी अट होती. दिवसाला कितीही कमाई झाली तरी तो दिवस धरायचा, आणि एकाच दिवशी तीन अ‍ॅपवर काम केलं तर तीन दिवस धरायचे.

कर्नाटकचा २०२५ चा कायदा यापुढे जातो. प्रत्येक व्यवहारात कामगाराला दिलेल्या रकमेवर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क, काम बंद करण्यापूर्वी लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस, आणि ऑर्डर वाटणारी, रेटिंग देणारी संगणकी पद्धत कशी चालते याची माहिती. आयडी ब्लॉकचा प्रश्न इथे पहिल्यांदा नीट हाताळला गेला. राजस्थानचा कायदा २०२३ चा, देशातला पहिला, पण त्याची अंमलबजावणी रेंगाळली.

## मालक नसलेल्या कामगारांसाठी महाराष्ट्राने काय केलं होतं

हा प्रश्न नवा वाटतो, पण महाराष्ट्राने तो अ‍ॅपच्या कितीतरी आधी सोडवून पाहिला आहे. बाजारपेठेतला हमाल सकाळी एका व्यापाऱ्याचं पोतं उतरवायचा, दुपारी दुसऱ्याचं. मजुरी नगावर, मालक कोणीच नाही. अण्णासाहेब पाटील यांनी उभ्या केलेल्या माथाडींच्या चळवळीनंतर १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. त्याने 'मालक कोण' हा वाद बाजूला ठेवला. कामगार, मालक आणि सरकार यांचे प्रतिनिधी असलेली मंडळं नेमली. हमालाची नोंद मंडळात, व्यापाऱ्याची नोंदही मंडळात. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही, म्हणजे जादा रक्कम, मंडळात भरायची. मंडळ टोळीतल्या कामगारांना मजुरी देणार आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवाखाना सांभाळणार.

अ‍ॅपच्या धंद्यात ही रचना राबवणं त्याहून सोपं आहे. हमालीत पोत्यांची नोंद लपवता येते. इथे प्रत्येक ऑर्डर, प्रत्येक किलोमीटर आणि प्रत्येक रुपया आधीच सर्व्हरवर आहे. माथाडीच्या दुखण्यांकडेही डोळेझाक नको: काही ठिकाणी मंडळांचा ढिसाळ कारभार, लेव्ही चुकवणारे व्यापारी, आणि माथाडीच्या नावाने खंडणी मागणाऱ्या टोळ्या. महाराष्ट्राने रायडरसाठी मंडळ काढलं तर हिशेब व्यवहारागणिक, ऑनलाइन आणि कामगाराला स्वतः बघता येईल असा असायला हवा.

## 'हे सगळं माझ्या बिलावर येणार ना?'

काही प्रमाणात येईल. किती, ते मोजता येतं. रायडरला ऑर्डरमागे ५० मिळत असतील तर पाच टक्क्यांची कमाल वर्गणी अडीच रुपये. २०२३ मध्ये दोन रुपयांपासून सुरू झालेली प्लॅटफॉर्म फी दोन वर्षांत दहाच्या पुढे गेली आणि ऑर्डर थांबल्या नाहीत. त्यामुळे सामाजिक सुरक्षेने धंदा बुडेल हे म्हणणं टिकत नाही.

ताशी किमान कमाईची हमी मात्र महाग पडेल, आणि तिचे परिणाम न्यूयॉर्क शहरात दिसले. तिथे २०२३ मध्ये डिलिव्हरी कामगारांसाठी ताशी १७.९६ डॉलरचा किमान दर ठरला आणि नंतर तो वाढत गेला. वाट बघण्याचा वेळही हिशेबात धरला गेला. लगेच कंपन्यांनी मागणी कमी असताना लॉगिनवर मर्यादा घातल्या आणि टिपचा पर्याय ऑर्डर दिल्यानंतरच्या पानावर ढकलला. म्हणजे थांबलेल्या वेळेची किंमत द्यावी लागताच कंपन्यांनी मोकळी माणसं कमी केली. आत असलेल्यांना चांगले पैसे, काहींना दार बंद. पोट भरण्यासाठी हे काम करणाऱ्यांकडे बघता हा सौदा मला योग्य वाटतो, पण 'कधीही लॉगिन करा' ही मोकळीक त्यात थोडी जाते, आणि संघटनांनी हे सभासदांना आधीच स्पष्ट सांगायला हवं.

## रायडरने आज काय हाताशी ठेवावं

केंद्र सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर आधारने नोंदणी करून प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंद झाली आहे ना, ते तपासावं. सामाजिक सुरक्षा संहितेतल्या योजनांना हीच नोंदणी लागते. दर आठवड्याचं पेआउट स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवावं, कारण आयडी ब्लॉक झाला की अ‍ॅपमधला जुना तपशील बघता येत नाही. सकाळ-संध्याकाळ किलोमीटर-काट्याचा आणि लॉगिनच्या वेळेचा फोटो काढावा. परतीचं अंतर आणि थांबलेला वेळ यांचा पुरावा दुसरीकडे कुठेच तयार होत नाही, आणि संघटनेला दराची मागणी करताना तोच कामाला येतो.

शेवटी गाडीचा विमा. खासगी दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत भाड्याचा वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते. अपघात डिलिव्हरी करताना झाला तर गाडीचा दावा यावरून अडू शकतो. पॉलिसीतलं 'वापराच्या मर्यादा' हे कलम वाचावं, डिलिव्हरीसाठी वापर चालेल का हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावं, आणि अ‍ॅप कंपनीचा अपघात विमा फक्त ऑर्डर हातात असताना लागू होतो की लॉगिन असल्यापासून, हेही त्याच दिवशी विचारून घ्यावं.